बुद्धिबळाचे पाठभेद

जुन्या पोथ्यांचा व्यासंग असणाऱ्यास पाठभेद म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. एकच ग्रंथ दोन गावी नकलला गेला की शब्दांत फरक पडतो, एखादी ओवी गळते, एखादी नवी शिरते, आणि मग मूळ पाठ कोणता या प्रश्नावर विद्वानांची मने दुभंगतात. खेळांच्या बाबतीत मात्र आपण सारे भाबडे असतो. बुद्धिबळ म्हणजे बुद्धिबळ; चौसष्ट घरे, बत्तीस मोहरे; त्यात पाठभेद कसला, असाच सुशिक्षितांचाही समज असतो. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. ज्ञानेश्वरीच्या पाठांविषयी जेवढे वाद झाले असतील त्याहून अधिक वाद प्याद्याच्या पहिल्या खेळीवरून महाराष्ट्राच्या ओसऱ्यांवर झाले असतील. फरक एवढाच की त्यांची टिपणे कोणी ठेविली नाहीत.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे शिरूर व दौंड हे दोन तालुके घ्यावे. दोहोंच्या मध्ये भीमेचे पात्र आहे, आणि शिरूर गावास तर आजही पुष्कळ लोक नदीच्या नावाने घोडनदी असेच म्हणतात. या मुलखातील वृद्धांच्या तोंडी एक वाक्य प्रस्तुत लेखकाने एकाहून अधिक वेळा ऐकले आहे: ‘आधी कायदा बोला, मग मोहरे मांडा.’ परगावचा पाहुणा पटावर बसला म्हणजे त्याच्या गावचा कायदा कोणता हे विचारून घेणे हा शिष्टाचाराचा भाग होता. नदी ओलांडली की डाव बदलण्याचा संभव असे. या शिष्टाचारामागे जो इतिहास आहे तो थोडक्यात मांडण्याचा येथे हेतू आहे.

प्रथम देशी डाव म्हणजे काय ते पाहू. कारण आजच्या शाळेत बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलास त्याची कल्पनाही नसते. देशी डावात प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर सरके. दोन घरांची मुभा नाही, म्हणून ओलांडून गेलेले प्यादे जाता जाता मारण्याचा विलायती नियमही नाही. राजास हत्तीच्या आड लपविण्याची, म्हणजे आपण हल्ली किल्लेकोट म्हणतो ती सोय नाही. तिच्याऐवजी राजास साऱ्या डावात एकदा घोड्याची अडीच घरांची उडी घेता येई, पण त्यापूर्वी त्यास शह लागलेला नसावा ही अट. म्हणजे शह देण्याचा हेतू केवळ राजास हलविणे हा नसे, त्याची ती एकुलती एक उडी कायमची हिरावून घेणे हाही असे. दोन्हीकडचे राजे समोरासमोर न मांडता राजापुढे शत्रूचा वजीर यावा अशी मांडणीही पुष्कळ ठिकाणी होती. काही ठिकाणी आरंभी दोघांनी ठराविक खेळ्या लागोपाठ करून घ्यावयाच्या, मात्र पटाचा मध्य ओलांडावयाचा नाही, असाही प्रघात होता.

खरी गंमत प्याद्याच्या बढतीत आहे. विलायती डावात प्यादे शेवटच्या घरास पोचले की त्याचा वजीर होतो. मालकाच्या मनात असेल तर दुसरे काही. पटावर एक वजीर जिवंत असताना दुसरा, तिसराही उभा राहू शकतो. देशी डाव इतका उदार नाही. प्यादे ज्या पट्टीने वर गेले त्या पट्टीचा जो मूळ मोहरा, तोच त्यास होता येई. कडेच्या पट्टीचे प्यादे हत्ती, त्याच्या शेजारचे घोडा, त्याच्या पलीकडचे उंट, आणि मधल्या दोन पट्ट्यांचे तेवढे वजीर. शिवाय तो मोहरा आधी मेलेला असला पाहिजे. जिवंत असेल तर बढतीस जागा नाही. सरकारी कचेरीत काम केलेल्या वाचकांस हा नियम समजावून सांगण्याची गरज नाही.

या एका नियमाने साऱ्या डावाचे अर्थशास्त्र बदलते. विलायती डावात सगळी प्यादी जात्या सारख्या आशेची असतात, कारण सर्वांचे स्वप्न वजीर होण्याचे. देशी डावात मधल्या दोन प्याद्यांचे मोल फार, आणि ती वाचविण्यासाठी खेळाडू मोठमोठे बेत सोडून देई. शत्रूचे प्यादे मारताना आपले प्यादे एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर जाते. तेव्हा उंटाच्या पट्टीचे प्यादे वजिराच्या पट्टीस आणणे म्हणजे त्याचे नशीब पालटणे होय. तसेच स्वतःचा वजीर देऊन टाकण्याची भीतीही कमी होते, कारण तो मेल्यावाचून मधल्या प्याद्यास वाव नाही. ज्यांनी केवळ आजचा डाव खेळला आहे त्यांनी एखाद्या रविवारी हा एकच नियम बदलून खेळून पहावे. शेवटच्या दहा मोहऱ्यांतील विचार किती निराळा होतो ते कळेल.

डावाच्या शेवटासही देशी रीतीत अनेक पायऱ्या होत्या. आज जीत, हार व बरोबरी या तीनच गोष्टी. पूर्वी मात कोणत्या मोहऱ्याने दिली याला मान होता, आणि प्याद्याने दिलेली मात, म्हणजे प्यादेमात, सर्वांत श्रेष्ठ समजली जाई. उलट शत्रूचे सारे सैन्य कापून त्याचा राजा एकटा पटावर ठेवणे यात पुरुषार्थ नव्हता. राजा एकटा उरला की डाव बुर्जी झाला, म्हणजे मात देण्याची संधी हुकली. पुढे त्या एकाकी राजास पिटाळून मारण्यात शोभा नाही. म्हणून जिंकत आलेल्या खेळाडूस शत्रूचा एखादा मोहरा जाणूनबुजून जिवंत राखावा लागे, आणि हरत आलेला आपला तो शेवटचा मोहरा देऊन टाकण्याची धडपड करी. दुबळ्याचे हे शस्त्र विलायती डावात नाही. तेथे एकाकी राजास खुशाल घेरून मारता येते.

आता प्रश्न असा की, हा देशी डाव म्हणजेच मूळ डाव काय? आपल्याकडील स्वदेशाभिमानी लेखक तसे गृहीत धरून चालतात. पण हे मत टिकणारे नाही. अल्बेरूनीने सुमारे १०३० साली हिंदुस्थानच्या वर्णनात चार खेळाडूंचा व फाशांवर चालणारा बुद्धिबळाचा खेळ नोंदविला आहे. त्यात कोणता मोहरा हलवावयाचा ते फाशाने ठरे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लासात राजाच्या विनोदांमध्ये चतुरंगास स्थान दिले. सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठ भट्टाने नीतिमयूखात त्याचे शास्त्र सांगितले. हे भट्ट घराणे मूळ पैठणचे, तेव्हा तो पाठ आपल्या घरचाच म्हणावा लागेल. पुढे औरंगाबादच्या हरिकृष्णांनी १८७१ साली क्रीडाकौशल्यात इतर अनेक खेळांबरोबर बुद्धिबळाचेही वर्णन केले. या सर्वांतील डाव एक नाही.

सर्वांत मोठा फेर वजिराचा. जुन्या डावात राजाचा हा प्रधान फार दुबळा होता. तिरपे एक घर, एवढीच त्याची धाव. उंटाच्या जागेवरील मोहराही तिरपा दोन घरे उडी घेणारा. वजिरास पटभर मोकळे रान मिळाले ते युरोपात, सुमारे १४७५ च्या सुमारास स्पेन व इटली या देशांत, आणि तेथे तो प्रधान राहिला नसून राणी झाला होता. ही नवी चाल पुढे हिंदुस्थानात आली. म्हणजे आपण ज्यास देशी म्हणून विलायतीच्या विरुद्ध उभे करतो, त्या डावातील सर्वांत बलवान मोहऱ्याची चाल विलायतेहून आलेली, शह व मात हे शब्द फारसी-अरबीतून आलेले, आणि प्यादे तेवढे आपल्या जुन्या मंद गतीने चालणारे! शुद्ध पाठ शोधणाऱ्याची येथे निराशाच व्हावयाची. जुना पाठ, नवा पाठ आणि त्यांच्या सरमिसळीतून झालेला तिसरा पाठ, असेच सर्वत्र आढळते.

या सरमिसळीचा एक महत्त्वाचा काळ आपल्या याच मुलखातील आहे. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाला आणि त्यानंतर इंग्रजांची तैनाती फौज शिरूरास तळ देऊन राहिली. तिच्यापैकी कर्नल विल्यम वॉलेस १८०९ साली तेथेच वारला; त्याच्या थडग्यास आसपासचे लोक पुढे सत्पुरुषाची समाधी मानून नवस बोलू लागले, हीदेखील एक प्रकारच्या पाठभेदाचीच हकीकत आहे. पुढे १८१७ च्या शेवटच्या दिवशी कॅप्टन स्टाँटन कोरेगावाकडे निघाला तो याच छावणीतून. म्हणजे सुमारे पंधरा वर्षे, पुण्यातील पेशवाईचा वाडा व शिरूरची गोऱ्यांची छावणी यांत अवघ्या चाळीस मैलांचे अंतर होते, आणि दोन्हीकडच्या माणसांस बुद्धिबळ ठाऊक होते, पण त्यांचे कायदे निराळे होते.

नेमक्या याच काळात, १८१४ साली, मुंबईस एक पुस्तक छापले गेले. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी संस्कृतात विलासमणिमंजरी नावाचा बुद्धिबळाच्या कूटांचा संग्रह केला होता. त्याचे हे इंग्रजी रूप. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, पुस्तकाच्या मथळ्यातच हे डाव युरोपीय रीतीस जुळवून घेतले आहेत असे स्पष्ट म्हटले आहे. एका शास्त्र्याने आपल्या परंपरेतील कूटे परक्या कायद्याच्या चौकटीत बसवून परक्यांच्या हाती दिली. हे करताना त्यास किती कूटे टाकावी लागली असतील, किती ठिकाणी प्याद्याची बढती अडली असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. भाषांतरकारास शब्द अडतात; त्रिवेंगडाचार्यांस नियम अडले असतील.

तथापि त्या काळी युरोपीय रीत तरी एक होती काय? मुळीच नव्हती. राजास शह नाही, पण हलावयास घरही नाही, अशी कोंडी झाली असता इंग्लंडात सतराव्या-अठराव्या शतकांत कोंडलेला जिंके व कोंडणारा हरे. १८०८ च्या सुमारास सॅरट या लेखकाने बरोबरीचा नियम आग्रहाने मांडला, तेव्हा कोठे तो तेथे रूढ झाला. इटलीत राजा व हत्ती यांची अदलाबदल खेळाडू आपल्या सोयीच्या घरांवर करीत, आणि ओलांडून गेलेले प्यादे मारण्याचा नियम त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मानला नाही. सबब, विलायती डाव म्हणून जो आज जगभर एकरूप दिसतो, त्याची एकरूपता अलीकडची आहे. जागतिक बुद्धिबळ संघ पॅरिस येथे १९२४ साली स्थापन झाला आणि त्याची पहिली अधिकृत नियमावली १९२९ ची. तोपर्यंत बुद्धिबळास प्रकाशक नव्हता, केवळ नकलकार होते.

नियम बदलल्याने खेळणाऱ्या माणसावर काय गुदरते याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यास महेशचंद्र बॅनर्जी नावाचे बंगाली गृहस्थ जॉन कॉक्रेन या नामांकित इंग्रज खेळाडूशी पुष्कळ डाव खेळले. देशी डावात मुरलेले असल्यामुळे ते प्यादी एकेक घर सरकवीत, उंट कोपऱ्याकडील बाजूने बाहेर काढीत, आणि पटाचा मध्य आरंभी शत्रूस सोडून देत. युरोपीय खेळाडूंस ही रीत तेव्हा चमत्कारिक वाटली. पुढे विसाव्या शतकात तिच्यातील मर्म जगास कळले, आणि तशा आरंभांस आजही सर्वत्र भारतीय बचाव हेच नाव आहे. ज्या नियमाच्या बंधनातून ती रीत जन्मली तो नियम गेला. रीत मात्र राहिली.

दुसरे उदाहरण पंजाबच्या सुलतान खानाचे. तो देशी डावावर वाढलेला. आश्रयदाते सर उमर हयात खान यांच्याकडे आल्यावर त्याने विलायती नियम आत्मसात केले. १९२८ साली तो अखिल भारतीय विजेता झाला, १९२९, १९३२ व १९३३ या तीन वर्षी त्याने इंग्लंडचे विजेतेपद मिळविले, आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या सामन्यात कॅपाब्लांकासही हरविले. त्याचे आरंभ कच्चे असत आणि शेवट लोखंडासारखा, असे त्याच्याविषयी म्हटले जाई. यात नवल ते काय? ज्याने एकेक घर सरकणाऱ्या प्याद्यांचा डाव जन्मभर खेळला, त्यास पहिल्या दहा खेळ्यांची घाई कोठून असणार, आणि ज्याने बढतीच्या कंजूष नियमांत शेवट साधले, त्यास उदार नियमांतील शेवट अवघड का वाटावा? १९३३ च्या अखेरीस तो मायदेशी परतला आणि पुढे मोठ्या सामन्यांत दिसला नाही. जागतिक संघाने त्यास सन्मान्य ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती २०२४ साली, त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी.

येथे थोडे विषयांतर करून गंजिफांकडे वळतो, कारण नियमांच्या आवृत्त्या तेथे अधिक उघडपणे दिसतात. बाबराने १५२७ साली सिंधच्या शहा हसनास गंजिफांचा एक जोड भेट पाठविल्याचे त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या काळी बारा रंगांचा, एकशे चव्वेचाळीस पानांचा जोड होता, आणि ऐने अकबरीत अबुल फजल जुन्या खेळकारांवर चक्क दोष ठेवतो: त्यांनी बारा हा अंक तर धरला, पण बाराही राजे बारा तऱ्हांचे असावेत एवढे त्यांच्या ध्यानी आले नाही, बादशहाने ती उणीव दूर केली. शुद्धिपत्रासह निघालेली सुधारून वाढविलेली आवृत्तीच ही! पुढे आपल्याकडे आठ रंगांचा शहाण्णव पानांचा चंगकांचनी जोड आणि दहा रंगांचा एकशे वीस पानांचा दशावतारी जोड असे दोन प्रकार रूढ झाले. दशावतारीची चित्रे काढणारे कसबी सावंतवाडीस आजही आहेत. दशावतारीत दिवसा रामाच्या राजाने डाव सुरू व्हावयाचा, रात्री कृष्णाच्या. निम्म्या रंगांत दहाचे पान श्रेष्ठ व एक्का कनिष्ठ, उरलेल्या निम्म्यांत एक्का श्रेष्ठ व दहा कनिष्ठ. हे उलटसुलट गणित ध्यानात ठेवून चाळीस पाने हाती धरणारी माणसे आपल्या घरांतून होती, हे आज खरे वाटत नाही.

अशीच उलथापालथ सातासमुद्रापलीकडच्या एका अगदी नव्या खेळात झाली आहे. आपल्या घरांतील तरुण मुले टेबलाभोवती बसून, हाती नाना कोनांचे फासे घेऊन, राक्षस व तळघरे यांच्या कल्पित जगात संचार करतात, तो डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा खेळ अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. त्याचे कूळ पटावरील युद्धखेळांचे, आणि त्या युद्धखेळांचे मूळ प्रशियातील, जेथे राइसविट्झने १८२४ साली लष्करासाठी तसा एक खेळ छापला. म्हणजे दूरच्या नात्याने तो चतुरंगाचा पणतूच. त्याच्या नव्या आवृत्त्या १९८९, २०००, २००८, २०१४ व २०२४ या वर्षी निघाल्या. प्रथम त्यात चिलखताचा अंक जितका लहान तितके चिलखत भक्कम समजत. २००० च्या आवृत्तीने हे गणित उलटे करून मोठ्या अंकास श्रेष्ठ ठरविले. गंजिफा खेळणाऱ्या आपल्या पूर्वजांस यात काहीच अपरिचित वाटले नसते. २००८ च्या आवृत्तीचे नियम पुष्कळ जुन्या खेळाडूंस रुचले नाहीत. तेव्हा दुसऱ्या एका प्रकाशकाने २००९ साली आधीच्या नियमांवर उभारलेला पाथफाइंडर नावाचा खेळ काढला, आणि ज्यांस जुने हवे होते ते तिकडे गेले. प्रत्येक आवृत्ती छापील असल्यामुळे कोणतीही खऱ्या अर्थाने मरत नाही. कोणाच्या तरी कपाटात ती असतेच.

देशी बुद्धिबळाचे दुर्दैव नेमके येथे आहे. त्याच्या गावोगावच्या आवृत्त्या छापल्याच गेल्या नाहीत. मैदानी खेळांस या बाबतीत चांगले वाली भेटले. खोखोचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले, हुतुतूसाठी बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने पुढाकार घेतला, आणि गावोगावचे प्रकार तुलनेने पाहून त्यांतून एक पाठ सिद्ध करण्याचे काम आपल्याच माणसांनी आपल्याच भाषेत केले. बुद्धिबळाच्या वाट्यास हे भाग्य आले नाही. तेथे तयार पाठ बाहेरून आला, आणि त्याच्याशी तुलना करण्यासाठी आपला पाठ लिहून काढण्याची कोणास निकड वाटली नाही. एकरूप नियम आले याचे प्रस्तुत लेखकास दुःख नाही. खोखोत जे झाले ते येथे झाले नाही, एवढीच तक्रार आहे.

एकरूपता येणे मात्र अटळ होते. दौंडकडे पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. मुंबई-पुण्याहून सोलापुराकडे जाणारा लोहमार्ग तेथून गेला, आणि १८७८ साली मनमाडचा फाटा निघून ते मोठे जंक्शन झाले. ज्या गावी चारी दिशांची माणसे गाडीची वाट पाहत बसतात तेथे गावचा कायदा चालत नाही. आगगाडीने गावोगावच्या घटिका मोडून एक वेळ केली. पटावरही परगावच्या माणसाशी सामना खेळावयाचा तर दोघांस ठाऊक असलेलाच नियम लागतो, आणि तो नियम पुस्तकातला असतो. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ साली स्थापन झाला. १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली आणि तीत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. व्यंकय्या संयुक्त विजेते ठरले. डाव अर्थात जागतिक नियमांचा होता. १९७४ साली वासंती खाडिलकर महिलांची पहिली राष्ट्रीय विजेती झाली, आणि २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने बटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. या सर्वांच्या पटावर प्यादे पहिल्या खेळीस दोन घरे चालते व वजीर जिवंत असतानाही दुसरा वजीर होऊ शकते.

जुना कायदा भाषेत तेवढा शिल्लक आहे. राजकारणावर लिहिणारे आपले संपादक आजही अमक्याने तमक्यास प्यादेमात दिली असे लिहितात, आणि वाचकासही त्यात साध्या मातीहून काही अधिक आहे असे वाटते. का वाटते, ते विचारले तर बहुतेकांस सांगता येणार नाही. शहास दिलेला काटशहही तसाच घरोघर राहिला आहे. बुर्जी मात्र गेली; हरणाऱ्याने आपला शेवटचा मोहरा देऊन राजास एकटे पाडावे व अब्रू वाचवावी, या युक्तीस आजच्या मराठीत दुसरा शब्द नाही.